बुरशीची लबाडी

शेतात टोमॅटो उभा आहे. पाणी वेळेवर दिले आहे. खत घातले आहे. तारा ओढून झाडे बांधली आहेत. झाडांना हिरवी फळे लोंबत आहेत. आणि एके दिवशी दुपारी चार झाडे माना टाकतात. आठवड्याने ती चाळीस होतात. मग घरात काळजी सुरू होते. औषधाच्या दुकानात उधारी वाढते. फवारणी होते, पण झाडे काही उठत नाहीत. आपण म्हणतो, "मर लागली, नशीब फुटले."

नारायणगावच्या बाजारात हंगामात टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्या लागतात. त्या क्रेटांवर कुणाच्या मुलीचे लग्न असते, कुणाच्या मुलाची फी असते, कुणाचे सोसायटीचे कर्ज असते. म्हणून मर लागली की एकटे झाड मरत नाही. सगळे घर खाली बसते.

पण मंडळी, हा नशिबाचा खेळ नाही. हा एका बारीक जीवाचा खेळ आहे. तो जीव म्हणजे बुरशी. ती बळाने जिंकत नाही, लबाडीने जिंकते. तिची लबाडी कळली म्हणजे आपले पैसे कुठे वाया जातात आणि कुठे कामी येतात, हेही कळते.

बुरशी म्हणजे काय?

भाकरी दोन-तीन दिवस डब्यात झाकून राहिली तर तिच्यावर कापसासारखी लव येते. ती बुरशी. ती बारीक धाग्यांची बनलेली असते. धाग्यांवर पिठासारखे कण धरतात. ते कण म्हणजे बुरशीचे बी. त्याला बीजाणू म्हणतात. वारा, पाणी, माती, माणसाचे पाय आणि औजारे यांच्याबरोबर बीजाणू गावभर फिरतात.

झाडाच्या अंगात हिरवा रंग असतो. त्याच्या जोरावर झाड उन्हात आपले अन्न तयार करते. बुरशीला हा हिरवा रंग नाही. म्हणून तिला दुसऱ्याचे खावे लागते. बहुतेक बुरशा मेलेले खातात. पालापाचोळा, शेण आणि लाकूड कुजवून त्या खत करतात. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात अळंबी उगवते, तीही बुरशीच. काही बुरशा तर पिकाच्या मुळाशी राहून त्याला मदत करतात. तेव्हा बुरशी म्हटली की ती वाईटच, असे समजू नये.

थोड्या बुरशा मात्र जिवंत पिकावर जगतात. आज त्यांचीच गोष्ट करायची आहे.

झाडालाही जागल्या असतो

झाडाला डोळे नाहीत, हात नाहीत, पळायला पाय नाहीत. तरी ते अगदी निराधार नसते. झाडाचे अंग बारीक बारीक कोठड्यांचे बनलेले असते. त्या कोठड्यांना पेशी म्हणतात. पेशीच्या भिंतीपाशी जणू जागल्या बसलेला असतो. बुरशीच्या अंगाचा तुकडा तिथे लागला की तो जागल्या ओळखतो आणि हाकाटी करतो. मग झाड भिंत जाड करते. बुरशीला मारणारे रस सोडते. कधी कधी तर चोर शिरलेली पेशी स्वतःच मरते. म्हणजे चोराला तिथे खायला काही उरत नाही. एक ठिपका गेला तरी चालेल, पण झाड वाचले पाहिजे, असा हा हिशेब असतो.

असा पहारा असल्यामुळे शेकडो बुरशा पानावर पडतात आणि तशाच मरून जातात. पण काही बुरशा लबाडी शिकल्या आहेत. त्या आपल्या धाग्यांतून अतिशय बारीक पदार्थ झाडात सोडतात. शास्त्रज्ञ त्यांना इफेक्टर म्हणतात. आपण त्यांना लबाडीची हत्यारे म्हणू. या हत्यारांनी कोणकोणती कामे होतात ती आता पाहू.

पहिली लबाडी : जागल्याला गप्प करणे

आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार आहे. तिथे पावसाळी बटाटा होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. ढगाळ, दमट हवा आली की तिथल्या शेतकऱ्याला करप्याची धास्ती वाटते. या उशिरा येणाऱ्या करप्याच्या जीवाला पूर्वी बुरशीच म्हणत. आता शास्त्रज्ञ त्याला बुरशीसारख्या पण वेगळ्या घराण्यात घालतात. त्याची वागणूक मात्र बुरशीचीच आहे.

हा करपा पानात शिरला म्हणजे लगेच नासधूस करत नाही. पहिले काही दिवस पान हिरवेगार दिसते. आत मात्र तो पेशीपेशीत आपली बोटे घालत असतो. पेशी न मारता तो तिच्यातले खातो. त्याची हत्यारे जागल्याचे तोंड दाबून धरतात. त्यामुळे हाकाटी होत नाही. आधी हा पाहुण्यासारखा राहतो आणि चांगला पसरला की दरोडेखोर होतो. मग पान गरम पाण्याने भाजल्यासारखे दिसते आणि काळे पडते.

याच रोगाने १८४५ सालापासून आयर्लंड देशात बटाट्याचे पीक बुडवले. तिथले गरीब लोक बटाट्यावरच जगत. पुढच्या काही वर्षांत उपासमारीने आणि साथींनी सुमारे १० लाख माणसे मेली.

यातून आपण काय घ्यायचे? पानावर डाग दिसतो तेव्हा चोर घरात येऊन काही दिवस झालेले असतात. म्हणून करप्याची फवारणी डाग पाहून नव्हे, हवा पाहून करायची असते.

दुसरी लबाडी : कणसाची पाने करणे

जुन्नर आणि आंबेगावच्या पूर्व भागात बाजरी होते. बाजरीचा गोसावी कुणी पाहिला नाही असा शेतकरी विरळा. कणसात दाणे भरायचे, तिथे हिरव्या पानांचा झुबका येतो. जटा वाढवलेल्या गोसाव्यासारखे कणीस दिसते. म्हणून त्याला गोसावी म्हणतात. याच रोगाला केवडाही म्हणतात. याचा जीवही करप्याच्याच घराण्यातला आहे.

हा गोसावी होतो कसा? रोगाचे बीजाणू मातीत असतात. रोप कोवळे असतानाच ते आत शिरतात. रोप वाढते तसा रोगही त्याच्या शेंड्याबरोबर वर चढतो. कणीस धरायची वेळ आली की तो झाडाच्या अंगातला कारभार बिघडवतो. "फूल कर" हा हुकूम बाजूला राहतो आणि "पान कर" असा हुकूम सुटतो. झाड बिचारे तो हुकूम पाळते. रोगाचा यात फायदाच आहे. दाणा झाला असता तर झाड वाळून गेले असते. पाने झाली म्हणजे हिरवे घर जास्त दिवस टिकते आणि रोगाला आपले बी धरायला जागा मिळते.

दमट रात्री रोगट पानाच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी येते. ती वाऱ्याने शेजारच्या शेतात जाते. पुढे पाने फाटतात आणि जाड कवचाचे बीजाणू मातीत पडतात. ते तिथे काही वर्षे जिवंत राहतात.

आपल्या देशाला या गोसाव्याने मोठा फटका दिला आहे. १९६५ साली एचबी-१ हा बाजरीचा संकरित वाण आला. मागून एचबी-३ आला. पीक भरघोस आले. लोकांनी जिकडे तिकडे तेच बी पेरले. पण १९७० नंतर गोसावी असा पसरला की देशाचे बाजरीचे उत्पन्न एकदम खाली आले. पुढे रोगाला दाद न देणारे वाण शोधावे लागले. १९८८ साली महाराष्ट्रासाठी आयसीटीपी ८२०३ हा वाण आला. त्याचाच सुधारलेला वाण म्हणजे धनशक्ती. त्यात लोह जास्त आहे.

तिसरी लबाडी : खोटा शिक्का

आपल्या पश्चिमेच्या डोंगराळ गावांत भात होतो. जपानच्या भातशेतीत फार पूर्वीपासून एक चमत्कार दिसत असे. खाचरातली काही रोपे इतरांपेक्षा भराभर उंच होत. पण ती फिकट आणि बारीक असत. मग ती पडत आणि मरत. जगली तरी लोंबीत दाणा भरत नसे. जपानी शेतकरी त्याला बाकानाए, म्हणजे वेडे रोप म्हणत. उत्तर भारतातल्या बासमतीतही हा रोग येतो.

१९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने याचे मूळ शोधले. त्याने रोगाची बुरशी पाण्यात वाढवली आणि ते पाणी गाळून घेतले. गाळलेल्या पाण्यात बुरशी उरली नव्हती. तरी ते रोपांना घातले तेव्हा रोपे वेड्यासारखी उंच झाली. म्हणजे बुरशी काही तरी रस सोडत होती. त्या रसाला पुढे जिबरेलिन हे नाव मिळाले.

आणखी काही वर्षांनी मोठी मौज कळली. हाच पदार्थ झाडे स्वतःही थोडा थोडा करतात. झाडाने किती वाढायचे याचा तो हुकूमच असतो. म्हणजे बुरशीने काय केले? गावच्या पाटलाचा शिक्का चोरला आणि खोटा कागद काढला. शिक्का खरा, पण हुकूम खोटा.

हा रस आपल्या ओळखीचा आहे बरे का. जुन्नर आणि नारायणगावचे द्राक्षबागायतदार घडाचे मणी मोठे व्हावेत म्हणून घड जी.ए.च्या पाण्यात बुडवतात. ते जी.ए. म्हणजे हेच जिबरेलिन. कारखान्यात आजही ते त्याच जातीची बुरशी टाक्यांत वाढवून काढतात. चोराचा शिक्का माणसाने मोजून मापून वापरला, तेव्हा तो उपयोगी पडला.

चौथी लबाडी : शेजाऱ्यांना हाकलणे

आता पुन्हा टोमॅटोच्या मरीकडे येऊ. ही मर लावणाऱ्या बुरशीचे नाव फ्युझेरियम. ती मातीत राहते. मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते. झाड घाबरून आपल्याच नळ्या चिकाने बंद करते. पाणी वर चढत नाही. मग जमीन ओली असूनही झाड तहानेने मरते. खालची पाने आधी पिवळी पडतात. पुष्कळदा झाडाची एकच बाजू आधी पिवळी होते. खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेघ दिसते.

पण मुळाशी काही एकटे मूळच नसते. चिमूटभर मातीत असंख्य बारीक जीव असतात. त्यांतले कित्येक मुळाच्या रसावर जगतात आणि बदल्यात रोगाच्या बुरशीला जवळ येऊ देत नाहीत. गावात चांगला शेजार असला की चोराला घर फोडणे अवघड जाते, तसेच हे आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये शातोरेनार नावाचे गाव आहे. तिथल्या जमिनीत फ्युझेरियम असूनही मर फारशी लागत नसे. शास्त्रज्ञांनी ती माती वाफेने तापवली. आतले जीव मेले आणि त्या मातीत मर लागू लागली. मग तीत थोडी न तापवलेली माती मिसळली. मर पुन्हा हटली. म्हणजे मातीतले बारीक जीवच पहारा करत होते.

चोराला हे ठाऊक नसेल असे कसे होईल? फ्युझेरियम एक आम्ल सोडते. मुळाशी स्यूडोमोनास नावाचे मित्रजंतू असतात. ते बुरशीला मारणारा रस करतात. या आम्लामुळे काही मित्रजंतूंचे ते काम बंद पडते, असे प्रयोगांत दिसले आहे. मित्र जागेवर असतो, पण त्याच्या हातातली काठी गळून पडते.

मर लावणारी दुसरी एक बुरशी आहे. तिचे नाव व्हर्टिसिलियम. थंड मुलखात तिचा उपद्रव जास्त. नेदरलँड्स देशातील वाखेनिंगेन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०२० साली तिच्याविषयी एक गोष्ट दाखवून दिली. ही बुरशी एक असे हत्यार सोडते की त्याने टोमॅटोच्या आणि कपाशीच्या आश्रयाला राहणारे काही जंतू मरतात. आणि मरतात कोणते? नेमके तेच, जे या बुरशीला वाढू देत नाहीत. घर फोडण्याआधी चोर शेजाऱ्याचा कुत्रा मारतो, तसाच हा प्रकार. झाड मरायला लागले की तीच बुरशी दुसरे हत्यार काढते आणि वाटा मागायला आलेल्या इतर बुरशांना दूर ठेवते. हे २०२१ साली कळले.

काही टोमॅटोच्या जातींत मात्र व्हर्टिसिलियमचे पहिले हत्यार ओळखणारा जागल्या असतो. हत्यार दिसले की तो हाकाटी करतो. रोगाला दाद न देणारा वाण म्हणतात तो असा असतो. पण चोरही हत्यार बदलतो. म्हणून आज टिकणारा वाण दहा वर्षांनी टिकेलच, असे धरून चालू नये.

मग आपण काय करायचे?

पहिली गोष्ट. मर लागलेल्या झाडावर वरून फवारा मारून झाड उठत नाही. चोर मुळात आणि नळ्यांत असतो, औषध पानावर पडते. तो पैसा वाचवावा. मर लागलेले झाड मुळासकट उपटावे आणि शेताबाहेर नेऊन जाळावे. कुकडीच्या पाटात किंवा ओढ्यात टाकू नये. पाण्याबरोबर रोग खालच्या शेतकऱ्याकडे जातो. शेणाच्या खड्ड्यातही टाकू नये.

दुसरी गोष्ट. रोग ओळखावा. सगळी मर बुरशीची नसते. रोगट झाडाचे खोड कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरावा. कापल्या जागेतून दुधासारखी पांढरी धार निघाली तर ती जंतूंची मर समजावी. त्यावर बुरशीचे औषध चालत नाही. शंका असेल तर झाड मुळासकट पिशवीत घालून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे.

तिसरी गोष्ट. त्याच वावरात टोमॅटोवर टोमॅटो घेऊ नये. फ्युझेरियम आपल्या पिकाला धरून असते. टोमॅटोची मर टोमॅटोला लागते, हरभऱ्याची हरभऱ्याला. मधे बाजरी, मका, कांदा अशी पिके घ्यावीत. एका वर्षाने भागत नाही. बीजाणू मातीत बरीच वर्षे दम धरून बसतात. पण खायला मिळाले नाही की त्यांची संख्या घटते. हरभरा करायचा तर मरीला दाद न देणारे वाण घ्यावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय आणि दिग्विजय हे तसे वाण आहेत.

चौथी गोष्ट. मातीतला चांगला शेजार वाढवावा. ट्रायकोडर्मा नावाची एक मित्रबुरशी आहे. ती रोगाच्या बुरशीला विळखा घालते आणि खाते. झाडाच्या जागल्यालाही ती सावध करते. चांगल्या कुजलेल्या १०० किलो शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळावा. ढीग सावलीत ठेवून ओला राखावा आणि आठ-पंधरा दिवसांनी लागवडीआधी शेतात घालावा. त्याबरोबर बुरशी मारणारे रासायनिक औषध ओतू नये. ते मित्रालाही मारते. ट्रायकोडर्मा म्हणजे जादू नव्हे. रोग लागल्यावर नव्हे, लागण्याआधी तो घालायचा असतो.

पाचवी गोष्ट बाजरीची. घरचे बी डोळे झाकून पेरू नये. रोगाला दाद न देणाऱ्या वाणाचे खात्रीचे बी घ्यावे. बियाण्याला किलोला ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल चोळावे. हाताला पिशवी बांधावी. औषध चोळलेले बी माणसाने किंवा जनावराने खाऊ नये. उरले तर दळायला नेऊ नये. शेतात फिकट, पिवळट रोप दिसले तर पांढरी भुकटी येण्याआधीच उपटून जाळावे. आणि हे एकट्याने करून भागत नाही. रात्री उडणारी भुकटी बांध ओळखत नाही. शेजाऱ्यालाही सांगावे.

शेवटची गोष्ट वाचण्याची. आता आपल्याला अक्षर ओळखता येते. औषधाच्या पुडीवर नाव लिहिलेले असते, कोणत्या पिकासाठी ते लिहिलेले असते, माप लिहिलेले असते, मुदत संपण्याची तारीख लिहिलेली असते. दुकानदार म्हणेल ते आणून मारायचे दिवस आता गेले पाहिजेत. पुडी हातात घ्या. प्रत्येक अक्षर लावून वाचा. "हे औषध माझ्या रोगावर आहे का?" असे विचारा. बुरशीचे नसेल तर पैसे देऊ नका. मुदत संपली असेल तर परत करा. घरी गेल्यावर मुलाला किंवा सुनेला पुन्हा एकदा वाचून दाखवा. आणि पुढच्या हंगामात कोणत्या वावरात काय घेतले होते ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. फेरपालट करायच्या वेळी ती वही उपयोगी पडेल.